अंकीकरण, प्रकाशीय

कालानुसार अखंडपणे बदलणाऱ्या विद्युत् संकेताचे मूल्य ठराविक कालांतराने मोजून ते अंकांच्या रूपात मांडण्याच्या क्रियेस अंकीकरण म्हणतात. या क्रियेतील नमुने घेणे, संकेताचा कालावधी ताणणे किंवा नमुन्याची पातळी ठरविणे यांपैकी एक वा अधिक टप्पे प्रकाशाच्या साहाय्याने पार पाडले जातात तेव्हा त्यास प्रकाशीय अंकीकरण असे म्हणतात. ज्या संकेतांतील कंप्रतांचा (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्यांचा) पट्टा शेकडो मेगॅहर्ट्‌झ ते अनेक गिगॅहर्ट्‌झ इतका रुंद असतो, अशा विस्तृत पट्ट संकेतांच्या बाबतीत या तंत्राचे महत्त्व विशेष आहे. रडार, रेडिओ ज्योतिषशास्त्र, संदेशवहन व अतिशीघ्र घटनांचे मापन ही त्याची प्रमुख क्षेत्रे होत.

निसर्गात आढळणाऱ्या बहुतेक राशी सदृश स्वरूपाच्या असतात. आवाजामुळे हवेच्या दाबात होणारा बदल, तापमान किंवा दूरच्या आकाशस्थ पदार्थाकडून आकाशकात (अँटेनात) उत्पन्न होणारा विद्युत् दाब यांची मूल्ये एका पातळीवरून दुसरीवर उडी न मारता सर्व मधल्या मूल्यांतून जातात. संगणकास मात्र केवळ अंक हाताळता येतात. त्यामुळे सदृश जग व अंकीय यंत्रणा यांच्या सीमेवर सदृश-अंकीय परिवर्तक हे साधन असावे लागते. या सीमेवर जी माहिती गळते ती पुढील कोणत्याही गणिताने परत मिळविता येत नाही. म्हणूनच संपूर्ण यंत्रणेची गुणवत्ता पुष्कळदा या एका साधनाच्या गुणवत्तेवर अवलंबून असते.

मूलतत्त्वे : अंकीकरणाचे दोन मुख्य टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात संकेताचे नमुने समान कालांतराने घेतले जातात. दुसऱ्यात प्रत्येक नमुन्याचे मूल्य पूर्वनिश्चित पातळ्यांपैकी सर्वांत जवळच्या पातळीशी जुळविले जाते व त्या पातळीचा क्रमांक द्विमान पद्धतीत (केवळ ० व १ हे अंक वापरून) लिहिला जातो. ८ द्विमान अंक वापरल्यास २५६ पातळ्या मिळतात व १० अंक वापरल्यास १,०२४ मिळतात.

नमुने किती वेळा घ्यावेत हा प्रश्न गणिताने सुटलेला आहे. हॅरी नायक्विस्ट (१९२८), व्ही. ए. कोटेलनिकॉव्ह (१९३३) व क्लॉड शॅनन (१९४९) यांच्या कार्यातून असे सिद्ध झाले की, संकेताच्या पट्टरुंदीच्या किमान दुप्पट वेगाने नमुने घेतले, तर त्या नमुन्यांवरून मूळ संकेत पूर्णपणे पुन्हा उभा करता येतो. नमुने याहून विरळ घेतल्यास निरनिराळ्या कंप्रतांचे घटक एकमेकांवर दुमडले जातात व मग ते वेगळे ओळखता येत नाहीत. ॲलेक रीव्ह्‌ज यांनी १९३७ मध्ये आवाजाचे संकेत अंकांच्या रूपात पाठविण्याची कल्पना मांडली. त्या धर्तीवरील दूरध्वनी पद्धतीत आवाजाचे सेकंदास ८,००० नमुने घेऊन प्रत्येक नमुना ८ द्विमान अंकांनी दर्शविला जातो; म्हणजे एका संभाषणास सेकंदास ६४,००० द्विमान अंक लागतात. मनुष्याच्या आवाजाचा पट्टा अरुंद असल्यामुळे हे काम साध्या विद्युत् मंडलांना सहज जमते. पट्टा लाखपट रुंद झाला की प्रश्नाचे स्वरूप बदलते.

विस्तृत पट्ट संकेतांतील अडचणी : पहिली अडचण मंडलांच्या संख्येची आहे. अतिवेगवान परिवर्तकात संकेताची सर्व पातळ्यांशी एकाच वेळी तुलना केली जाते. याकरिता ८ अंकांसाठी २५५ तुलनाकारी मंडले लागतात व प्रत्येक वाढीव अंकास ही संख्या सु. दुप्पट होते. त्याबरोबर शक्तीचा व्यय व उष्णताही वाढते.

दुसरी व अधिक मूलभूत अडचण नमुना घेण्याच्या क्षणातील अनिश्चिततेची आहे. नमुने घेणाऱ्या घड्याळाचा ठोका नेमक्या क्षणी न पडता किंचित मागेपुढे पडतो. यास कालकंप म्हणता येईल. संकेत सावकाश बदलत असेल, तर या चुकीचा परिणाम जाणवत नाही. परंतु संकेत जलद चढत वा उतरत असेल, तर क्षणातील अल्प चूक मूल्यातील मोठी चूक होऊन बसते. कंप्रता दुप्पट झाली की संकेताचा उतारही दुप्पट होतो व तितक्याच पातळ्या टिकविण्यासाठी कालकंप निम्म्यावर आणावा लागतो.

हे परिमाण एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १०० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेचा संकेत ८ अंकी अचूकतेने मोजावयाचा असेल, तर मूल्यातील चूक अर्ध्या पातळीच्या आत राखण्यासाठी क्षणातील चूक सु. ६ पिकोसेकंदांपेक्षा (१ पिकोसेकंद = सेकंदाच्या लक्षकोट्यंशाएवढा काल) कमी असावी लागते. संकेत १० गिगॅहर्ट्‌झचा असेल, तर हीच मर्यादा सु. ६२ फेम्टोसेकंदांवर येते (१ फेम्टोसेकंद = पिकोसेकंदाचा हजारावा भाग). एवढ्या अवधीत निर्वातातून जाणारा प्रकाशही जेमतेम १९ मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहून कमी अंतर कापतो. विद्युत् घड्याळातील ठोके एवढ्या काटेकोरपणे प्रत्येक मंडलापर्यंत पोहोचविणे हे अत्यंत कठीण काम आहे. वेग वाढविण्यासाठी अनेक मंद परिवर्तक आळीपाळीने वापरण्याची युक्ती योजिली जाते. मात्र अशा परिवर्तकांचे विवर्धन, शून्यबिंदू व नमुन्यांचे क्षण यांत थोडाही विसंवाद असल्यास मूळ संकेतात नसलेल्या खोट्या कंप्रता निर्माण होतात.

प्रकाशाची उपयुक्तता : वरील अडचणींच्या संदर्भात प्रकाशाचे तीन गुण उपयोगी पडतात. पहिला गुण कालविषयक आहे. ज्या लेसरमधील अनेक कंप्रतांच्या कला एकमेकींशी बांधून ठेवलेल्या असतात, अशा कलाबद्ध लेसरमधून शंभर फेम्टोसेकंदांच्या आसपास रुंदीचे प्रकाशस्पंद अतिशय नियमित अंतराने बाहेर पडतात. त्यांतील कालकंप चांगल्या विद्युत् घड्याळाच्या कालकंपापेक्षा पुष्कळच कमी असू शकतो [⟶ लेसर].

दुसरा गुण वहनाचा आहे. विद्युत् संकेत समाक्ष तारेतून नेताना कंप्रतेबरोबर ऱ्हास झपाट्याने वाढतो. काचेच्या प्रकाशीय तंतूत १,५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचा ऱ्हास दर किमी.स फक्त सु. ०.२ डेसिबेल असतो आणि प्रकाशावर आरूढ झालेल्या संकेताची कंप्रता कितीही असली तरी त्यात फारसा फरक पडत नाही. जालना ते छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) या सु. ६० किमी. अंतराचे उदाहरण घेतल्यास, एवढ्या लांबीच्या अखंड तंतूच्या दुसऱ्या टोकास मूळ प्रकाशशक्तीचा सु. सोळावा भाग शिल्लक राहील व तेथपर्यंत पोहोचण्यास प्रकाशास सु. ०.३ मिलिसेकंद लागेल. एवढ्याच अंतरावर १ गिगॅहर्ट्‌झ कंप्रतेचा संकेत तांब्याच्या तारेने नेण्यासाठी वाटेत जागोजाग विवर्धक बसवावे लागतील व प्रत्येक विवर्धक स्वतःच्या गोंगाटाची भर घालील.

तिसरा गुण अलिप्ततेचा आहे. प्रकाशाच्या कणांवर विद्युत् भार नसतो. त्यामुळे तंतूवर आसपासच्या विद्युत् चुंबकीय तरंगांचा परिणाम होत नाही, तसेच नमुने घेणारा प्रकाशस्पंद मोजावयाच्या संकेतात लक्षणीय ढवळाढवळ करीत नाही.

विद्युत् संकेत प्रकाशावर आरूढ करण्यासाठी विद्युत्-प्रकाशीय परिणामाचा उपयोग होतो. काही स्फटिकांवर विद्युत् क्षेत्र लावले असता त्यांचा प्रणमनांक क्षेत्राच्या प्रमाणात बदलतो, असे फ्रीड्रिख पॉकेल्स यांनी १८९३ मध्ये अभ्यासले. लिथियम निओबेट हा असा एक स्फटिक आहे. लुटव्हिख झेंडर (१८९१) व लुटव्हिख माख (१८९२) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यतिकरणमापकात प्रकाश दोन वाटांनी विभागून पुन्हा एकत्र आणला जातो. एका वाटेवरील स्फटिकास विद्युत् दाब लावला की त्या वाटेच्या प्रकाशाची कला बदलते व दोन्ही प्रकाश एकमेकांना मिळताना कधी बळकट, तर कधी क्षीण होतात. परिणामी बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तीव्रता विद्युत् दाबानुसार बदलते. या साधनास विद्युत्-प्रकाशीय विरूपक असे म्हणतात व ते कित्येक दशगिगॅहर्ट्‌झ कंप्रतेपर्यंत काम करू शकते.

पद्धती : प्रकाशाचा वाटा कोठे व किती आहे यानुसार या पद्धतींचे पुढील चार प्रकार करता येतात.

(१) प्रकाशसाहाय्यित परिवर्तन : यात नमुने घेणे व पातळी ठरविणे ही दोन्ही कामे विद्युत् मंडलेच करतात, प्रकाश त्यांचे काम सुकर करतो. प्रकाशीय तंतूने संकेत दूरवर नेणे, लेसरच्या स्पंदांपासून घड्याळाचे ठोके मिळविणे आणि संकेताचा कालावधी ताणणे ही त्याची उदाहरणे होत.

कालावधी ताणण्याची पद्धती लॉस अँजेल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात बहराम जलाली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ च्या सुमारास पुढे आणली. तंतूमधून निरनिराळ्या तरंगलांब्यांचे प्रकाश निरनिराळ्या वेगांनी जातात; यास अपस्करण म्हणतात. संदेशवहनात ही एक डोकेदुखी असते, परंतु येथे तिचाच लाभ घेतला जातो. अनेक तरंगलांब्या असलेला अतिसूक्ष्म प्रकाशस्पंद प्रथम एका तंतूतून नेला म्हणजे त्यातील तरंगलांब्या क्रमाने एकामागून एक बाहेर पडतात, म्हणजे प्रत्येक क्षणास एक ठराविक तरंगलांबी लाभते. या लांबलेल्या स्पंदावर विरूपकातून विद्युत् संकेत आरूढ केला, की संकेताचा काळातील आलेख तरंगलांब्यांवर लिहिला जातो. त्यानंतर हा स्पंद अधिक लांबीच्या दुसऱ्या तंतूतून नेल्यास तरंगलांब्यांमधील अंतर वाढते व त्यांवरील आलेखही त्याच प्रमाणात ताणला जातो. पहिला तंतू १ किमी. व दुसरा त्याच जातीचा ९ किमी. असेल, तर ताण दहापट होतो. १० गिगॅहर्ट्‌झचा संकेत १ गिगॅहर्ट्‌झचा होऊन बाहेर पडतो व तो साध्या परिवर्तकास मोजता येतो. कालकंपाचा परिणामही त्या प्रमाणात कमी होतो. जलाली यांच्या गटाने २००७ मध्ये या मार्गाने सेकंदास १० लक्षकोटी नमुन्यांइतका परिणामी वेग गाठला.

या पद्धतीत दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. एका स्पंदात संकेताचा छोटासा तुकडाच मावत असल्यामुळे अखंड संकेत नोंदविण्यासाठी अनेक समांतर मार्ग ठेवून त्यांचे तुकडे अचूक जोडावे लागतात. तसेच अपस्करणामुळे संकेताचे दोन पार्श्वपट्ट परस्परविरोधी कलेत येऊन काही विशिष्ट कंप्रता नाहीशा होतात. एकच पार्श्वपट्ट वापरून किंवा विरूपकाच्या दोन पूरक निर्गमांची सांगड घालून हा दोष दूर करता येतो.

(२) प्रकाशाने नमुने, विद्युत् मंडलाने पातळी : यात कलाबद्ध लेसरचे स्पंद विरूपकातून जातात व प्रत्येक स्पंदाची तीव्रता त्या क्षणीच्या विद्युत् दाबानुसार ठरते. नमुना प्रकाशानेच घेतला गेल्यामुळे पुढील मंडलांचा कालकंप फारसा बाधत नाही. अभिज्ञातकाने स्पंदातील ऊर्जा मोजली की पुरे. लगतचे स्पंद निरनिराळ्या तरंगलांब्यांचे केल्यास ते गाळण्यांनी वेगळे करून अनेक मंद परिवर्तकांकडे वाटून देता येतात. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४१ गिगॅहर्ट्‌झचा संकेत ७ परिणामी द्विमान अंकांच्या अचूकतेने मोजण्यात आला. या मापनातील कालकंप १५ फेम्टोसेकंद इतका होता. चारही प्रकारांत हा प्रकार आजवर सर्वांत यशस्वी ठरलेल्यांपैकी आहे.

(३) विद्युत् मंडलाने नमुने, प्रकाशाने पातळी : यात विद्युत् दाबाच्या नमुन्यानुसार प्रकाशाची दिशा, तरंगलांबी वा कला बदलली जाते व प्रकाश कोणत्या अभिज्ञातकावर पडतो यावरून पातळी ठरते. कालकंपाची मूळ अडचण यात तशीच राहत असल्याने हा प्रकार मागे पडला.

(४) संपूर्ण प्रकाशीय परिवर्तन : हेन्री टेलर यांनी १९७५ मध्ये सुचविलेली योजना या प्रकाराचे मूळ होय. तीत एकाच स्फटिकावर अनेक व्यतिकरणमापक शेजारी शेजारी रचलेले असून त्यांच्या विद्युत् अग्रांची लांबी क्रमाने दुप्पट केलेली असते. अग्राची लांबी दुप्पट झाली, की तेवढ्याच दाबाने कलेत दुप्पट बदल होतो व प्रकाशाची तीव्रता दुप्पट वेळा चढते-उतरते. प्रत्येक निर्गमाची तीव्रता ठराविक मर्यादेपेक्षा अधिक असल्यास १ व कमी असल्यास ० असे मानले, की सर्व निर्गम मिळून संकेताचा द्विमान अंक एकदम मिळतो. सर्वांत लांब अग्र सर्वांत सूक्ष्म फरक दाखविते. ८ अंकांसाठी २५५ तुलनाकारी मंडलांऐवजी ८ मापकच पुरतात, हे या योजनेचे आकर्षण होते. अमेरिकेतील लिंकन लॅबोरेटरीमध्ये १९८२ मध्ये या तत्त्वावर सेकंदास ८२.८ कोटी नमुने घेणारा ४ अंकी परिवर्तक तयार करण्यात आला. पुढे मात्र अंक वाढविणे जड गेले. प्रत्येक वाढीव अंकासाठी अग्र दुप्पट लांब करावे लागते व लांब अग्रातून विद्युत् तरंग जाण्यास लागणारा वेळच वेगावर मर्यादा घालतो.

खोडद येथील रेडिओ दूरदर्शक : विस्तृत पट्ट सदृश संकेत प्रकाशावर आरूढ करून अंकीकरणाच्या ठिकाणी आणण्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील खोडद गावाजवळचा महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शक (जीएमआरटी) होय. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल भौतिकी केंद्रातर्फे तो चालविला जातो. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली त्याची उभारणी झाली. यात ४५ मी. व्यासाची ३० आकाशके असून त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात व उरलेली १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या तीन भुजांवर विखुरलेली आहेत. प्रत्येक भुजेची लांबी सु. १४ किमी. आहे.

सर्व आकाशकांनी एकाच वेळी ग्रहण केलेले संकेत एकमेकांशी ताडून पाहिल्यासच या दूरदर्शकास आकाशाचे चित्र मिळते. त्याकरिता ते एके ठिकाणी आणावे लागतात. येथे आकाशकाजवळ ग्रहण केलेला संकेत विवर्धित करून सदृश स्वरूपातच लेसरच्या प्रकाशावर आरूढ केला जातो व जमिनीखालील प्रकाशीय तंतूंमधून मध्यवर्ती इमारतीत आणला जातो. अंकीकरण तेथे विद्युत् परिवर्तकांनी होते. म्हणजे वरील वर्गीकरणानुसार ही पहिल्या प्रकारातील योजना ठरते.

अंकीकरण आकाशकापाशी करावे की मध्यवर्ती ठिकाणी, हा अशा सर्व दूरदर्शकांच्या रचनेतील कळीचा प्रश्न आहे. दक्षिण आफ्रिकेतील मीरकॅट दूरदर्शकात अंकीकरण आकाशकावरच केले जाते व तंतूमधून अंक पाठविले जातात. अंकांना वाटेत विकृती येत नाही, हा त्याचा लाभ आहे. परंतु अंकीय मंडले स्वतःच रेडिओ गोंगाट निर्माण करतात व आकाशस्थ पदार्थांकडून येणारे संकेत अत्यंत क्षीण असल्यामुळे मंडलांभोवती भक्कम धातूचे आवरण घालावे लागते. खोडद येथील योजनेत अंकीय मंडले आकाशकांपासून दूर एकत्र राहतात, सर्वांस एकाच घड्याळाचे ठोके पुरविता येतात व परिवर्तक बदलावयाचे झाल्यास प्रत्येक आकाशकापर्यंत जावे लागत नाही. मोबदल्यात काही गोष्टी पत्कराव्या लागतात. लेसर व अभिज्ञातक यांचा गोंगाट आणि त्यांच्या प्रतिसादातील वक्रता संकेतात मिसळतात. तसेच १४ किमी. तंतूतून येण्यास प्रकाशास सु. ७० मायक्रोसेकंद लागतात. तापमानानुसार तंतूच्या लांबीत व प्रणमनांकात होणाऱ्या बदलामुळे या विलंबात सूक्ष्म फरक पडतो. म्हणून विलंब गणिताने भरून काढून, ज्ञात रेडिओ उद्‌गमाचे वारंवार वेध घेऊन कलेतील चूक दुरुस्त करावी लागते.

मध्यवर्ती अंकीकरणाचा लाभ या दूरदर्शकाच्या सुधारणेच्या वेळी दिसून आला. प्रारंभी एका वेळी जास्तीत जास्त ३२ मेगॅहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा हाताळता येत असे. २०१० नंतरच्या दशकात झालेल्या सुधारणेत ही मर्यादा ४०० मेगॅहर्ट्‌झवर नेण्यात आली. त्यासाठी १,३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या जुन्या प्रकाशमार्गांच्या जोडीस १,५५० नॅनोमीटरच्या परिसरातील अनेक तरंगलांब्या एकाच तंतूतून नेण्याची योजना करण्यात आली. ४०० मेगॅहर्ट्‌झच्या पट्ट्यास सेकंदास किमान ८० कोटी नमुने लागतात. ३० आकाशकांच्या प्रत्येकी दोन ध्रुवणांचे मिळून ६० संकेत होतात; म्हणजे सेकंदास किमान ४,८०० कोटी नमुने घेऊन ते लगोलग गणितास द्यावे लागतात.

पट्टा रुंद करण्यामागचे कारण असे की, अखंड वर्णपटाच्या क्षीण उद्‌गमाचा वेध घेताना मापनातील गोंगाट पट्टरुंदीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. ३२ ऐवजी ४०० मेगॅहर्ट्‌झ वापरल्यास तेवढ्याच वेळात आदर्श परिस्थितीत सु. साडेतीन पट क्षीण उद्‌गम दिसू शकतो. याउलट पातळ्यांची संख्या येथे तितकी निर्णायक नसते. आकाशातून येणारा संकेत स्वतःच गोंगाटासारखा असल्याने केवळ दोन पातळ्या (१ द्विमान अंक) वापरूनही सु. ६४ टक्के व २ अंक वापरून सु. ८८ टक्के कार्यक्षमता मिळते. जास्त अंक लागतात ते मुख्यतः मानवनिर्मित प्रक्षेपणांमुळे. प्रबळ स्थानिक प्रक्षेपणाने परिवर्तकाच्या पातळ्या व्यापल्या गेल्या, तर त्याखालील क्षीण संकेत हरवतो. भ्रमणध्वनी व इतर प्रक्षेपणे वाढत असता ग्रामीण परिसरातही ही चिंता वाढत आहे.

रुंद पट्ट्याचे आणखी एक महत्त्व स्पंदकांच्या (पल्सारांच्या) वेधांत आहे. ताऱ्यांमधील आयनीभूत वायूमुळे स्पंदकाच्या स्पंदातील कमी कंप्रतेचे घटक उशिरा पोहोचतात. कालावधी ताणण्याच्या पद्धतीत तंतू जे कार्य करतो, तेच येथे निसर्ग शेकडो प्रकाशवर्षांच्या अंतरात करतो. पट्टा रुंद असेल, तर हा विलंब अचूक मोजून वजा करता येतो. खोडद येथील वेधांचा अंतर्भाव असलेल्या भारतीय व यूरोपीय गटांच्या संयुक्त कार्यातून अतिमंद गुरुत्वीय तरंगांच्या अस्तित्वाविषयीचा पुरावा जून २०२३ मध्ये जाहीर झाला. जगातील इतर गटांनीही त्याच वेळी असे निष्कर्ष प्रसिद्ध केले [⟶ रेडिओ ज्योतिषशास्त्र].

इतर उपयोग : रडारमध्ये परत आलेला उच्च कंप्रतेचा तरंग सामान्यतः अनेक टप्प्यांनी कमी कंप्रतेवर आणून मग अंकीकृत केला जातो. प्रत्येक टप्प्यात गोंगाट व खोट्या कंप्रता शिरतात. प्रकाशीय नमुन्यांमुळे हे टप्पे गाळता येतात. इटलीतील संशोधकांनी २०१४ मध्ये संकेतनिर्मिती व अंकीकरण या दोहोंसाठी एकाच कलाबद्ध लेसरचा उपयोग करणारे रडार सादर केले आणि विमानांच्या शोधासाठी ते वापरून पाहिले. सर्व कामे एकाच लेसरच्या ठोक्यांवर चालत असल्याने प्रक्षेपित व परत आलेल्या तरंगांच्या कला सुसंगत राहतात.

पुन्हा न घडणाऱ्या अतिशीघ्र घटना टिपण्यासाठीही कालावधी ताणण्याची पद्धती उपयोगी पडते. नेहमीचे अतिवेगवान दोलनदर्शक तीच घटना पुन्हापुन्हा घडवून तिचे तुकडे जोडतात. एकदाच घडणाऱ्या घटनेला हे लागू पडत नाही. तंतूमधील प्रकाशात क्वचित उद्‌भवणारे असाधारण प्रबळ स्पंद २००७ मध्ये याच पद्धतीने प्रथम नोंदविले गेले. समुद्रातील अवचित उठणाऱ्या महालाटांशी त्यांचे गणिती साम्य आहे.

प्रकाश वापरणाऱ्या प्रत्येक मापनास वेगवान अंकीकरण लागते असे मात्र नाही. मराठवाड्यात, जालना जिल्ह्याच्या पूर्वेस परभणी जिल्ह्यापलीकडील हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया या गुरुत्वीय तरंग वेधशाळेची योजना आहे. तिच्या उभारणीस केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. तिच्या ४ किमी. लांबीच्या भुजांतही व्यतिकरणमापकाचेच तत्त्व आहे. परंतु तेथील महत्त्वाचे संकेत सु. १० हर्ट्‌झ ते काही हजार हर्ट्‌झ या अरुंद पट्ट्यात येतात. अमेरिकेतील अशाच वेधशाळांत मुख्य संकेताचे सेकंदास १६,३८४ नमुने पुरतात. तेथे कसोटी वेगाची नसून अतिसूक्ष्म फरक ओळखण्याची असते.

मर्यादा व भवितव्य : प्रकाशीय अंकीकरणाचा प्रसार अपेक्षेइतका झालेला नाही. याचे एक कारण म्हणजे विद्युत् परिवर्तकांतील प्रगती होय. सिलिकॉन चकत्यांवरील आळीपाळीने चालणारे परिवर्तक २०१० च्या सुमारास सेकंदास ५,००० कोटींहून अधिक नमुने घेऊ लागले व प्रकाशीय संदेशवहनात त्यांचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला. प्रकाशीय साधनांचे स्वतःचे दोषही आहेत. विरूपकाचा प्रतिसाद सरळ रेषेत नसल्याने गणिताने दुरुस्ती करावी लागते. प्रत्येक स्पंदात प्रकाशकणांची संख्या मर्यादित असल्यामुळे त्यांच्या संख्येतील स्वाभाविक चढउतार पातळ्यांवर बंधन घालतात. आणि लेसर, तंतू, विरूपक व गाळण्या मिळून यंत्रणा अवजड व महाग होते.

यांपैकी शेवटचा दोष दूर करण्यासाठी विरूपक, गाळण्या व अभिज्ञातक एकाच सिलिकॉन चकतीवर घडविण्याचे प्रयत्न चालू आहेत. वर उल्लेखिलेल्या २०१२ च्या कार्यात अशा चकतीवर १० गिगॅहर्ट्‌झचा संकेत ३.५ परिणामी अंकांनी मोजून दाखविण्यात आला. सुट्या भागांनी मिळालेल्या अचूकतेपेक्षा ही पुष्कळ कमी असली, तरी दिशा स्पष्ट करणारी आहे. लिथियम निओबेटाच्या पातळ पटलांपासून केलेल्या विरूपकांमुळे लागणारा विद्युत् दाबही कमी होत आहे.

एकंदरीत पाहता, वेळ राखण्याचे व संकेत वाहून नेण्याचे काम प्रकाशाने करावे आणि मोजणीचे व गणिताचे काम अर्धसंवाहक मंडलांनी करावे, अशी विभागणी आजवरच्या अनुभवातून सर्वांत फलदायी ठरली आहे. संकेताचा पट्टा, अपेक्षित अचूकता, अंतर व आसपासचा गोंगाट यांचा विचार करूनच ही विभागणी कोठे करावयाची ते प्रत्येक यंत्रणेत ठरवावे लागते.